ओळीची शाळा, वाळूची शाळा

टेपमावशीच्या गळ्यातली मापाची टेप सहसा निघत नसे. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ती गळ्यात पडायची आणि संध्याकाळी घरी कुकर लावतानाही तिथेच लोंबत असायची. एकदा तर ती तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बसा, आपण दोघंही ड्यूटीवर आहोत." ती हसली नाही. मांडीवर बटणी तापाने फणफणत होती. काळजीत असली की विनोद तिच्यापर्यंत दोन दिवसांनी पोचायचा.

बटणी म्हणजे तिची लेक. वय वर्षं साडेतीन. जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती की दुकानाच्या मास्तरांनी पाळण्यात डोकावून म्हटलं होतं, "अरे, हे तर बाहीचं बटण!" तेच नाव चिकटलं.

दुकान शाळेच्या गणवेशांचं. मास्तर कापड बेतायचे, ती शिवायची आणि मापं घ्यायचं काम तिचं एकटीचं, कारण मास्तरांच्या मिशांना लहान मुलं बिचकत. लहान मुलाचं माप घेणं ही सोपी गोष्ट नव्हे. छातीभोवती टेप गेली की पोर श्वास रोखून धरतं, जणू काही इंजेक्शनच येतंय. तेवढ्यात माप पाऊण इंच वाढतं आणि शर्टाचं पोतं होतं. म्हणून मावशी टेप धरून विचारायची, "तुमच्या घरी सगळ्यात मोठ्यांदा कोण घोरतं?" पोर फिसकन हसायचं, श्वास सुटायचा आणि ती आकडा वाचायची. बारा वर्षांत तिने गावच्या निम्म्या घरांतली घोरणारी माणसं पाठ केली होती.

त्या मंगळवारी मात्र ती बाहीला तुरपाई करत होती आणि सुई तिसऱ्यांदा तिच्या बोटात गेली.

"बाई," मास्तर कात्री न थांबवता म्हणाले, "बाही शिवायचीय. बोट नाही."

"हो, मास्तर."

"शाळेचंच डोक्यात आहे ना?"

"शनिवारी एक वाजेपर्यंत सांगायचंय. एकनंतर जागा दुसऱ्याला."

"मग सांगून टाक. हो तर हो, नाही तर नाही."

"तुमचं बरं आहे. तुमची पोरं शिकून मोकळी झाली."

"माझं कसलं बरं? आयुष्यभर मास्तर म्हणवून घेतलं, पण एकाही शाळेने मला आत घेतलं नाही."

हाही विनोद तिला गुरुवारी कळणार होता.

शाळा दोन. दुकानातून दोन्ही दिसायच्या. डाव्या हाताची तीन मजली, पिवळी, पुढे फरसबंद आवार. तिथली मुलं सकाळी ओळीत आत जायची आणि दुपारी ओळीत बाहेर यायची. म्हणून गल्लीत तिला ओळीची शाळा म्हणत. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलाला बाक, वही आणि शुक्रवारी घरी जाणारा एक कागद मिळायचा. आठवड्यात काय आलं आणि काय आलं नाही, ते त्या कागदावर. एकदा आत शिरलं की दहावीपर्यंत बघायला नको.

उजव्या हाताची वाळूची शाळा. बैठं घर, मागे मोकळी जागा, त्यात वाळूचा हौद, पाण्याची पिंपं, जुने टायर. तिथे सहा वर्षांपर्यंत मुलं खेळायची. सहानंतर काय, तर दुसरी शाळा शोधायची. आणि ओळीच्या शाळेत पहिलीला नव्या मुलांसाठी जागा निघायच्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

बटणीसाठी ओळीच्या शाळेत जागा राखली होती, नणंदेमुळे. नणंद वीज कार्यालयात खिडकीवर बसायची. तिचा मुलगा याच शाळेत सातवीला. पाहुण्यांपुढे उभा राहून पाच मिनिटं न अडखळता बोलायचा. त्याला बोलताना ऐकलं की मावशीच्या मनात एकदम दोन गोष्टी यायच्या. एक कौतुक आणि दुसरी जिला नाव नव्हतं. तिने स्वतः आठवीत शाळा सोडली होती. सव्वाएकवीस आणि साडेएकवीस इंचांतला फरक ती डोळे मिटून सांगायची, पण छापलेल्या ओळी समोर आल्या की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. अजूनही ती ओठ हलवत वाचायची आणि कुणी बघत नाही ना ते बघून मगच वाचायची.

जागा पक्की करण्याआधी शनिवारी शाळेतल्या बाई मुलीला थोडं विचारणार होत्या. नणंदेने त्यासाठी चित्रांचे पत्ते आणून दिले होते. वर चित्र, खाली अक्षर.

मंगळवारी संध्याकाळी नणंद स्वतः आली. चपला काढता काढताच म्हणाली, "कुठवर आलं?"

"रंग येतात. मोजते दहापर्यंत. पत्ते मात्र..."

"आण इकडे. बटणे, ये गं, आत्याजवळ बस. आई पत्ता दाखवेल, तू सांगायचंस. सोप्पं."

मावशी समोर बसली. पत्त्यांचा गठ्ठा तिच्याच हातात होता. बटणी पत्त्यांकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती.

"मला येत नाही," बटणी म्हणाली.

"अगं, आईने पत्ता अजून उलटवलासुद्धा नाही!" नणंद म्हणाली.

"मला येत नाही."

आतल्या खोलीतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. तो बेकरीत कामाला होता. पहाटेची पाळी करून दुपारी घरी यायचा आणि बटणीला सांभाळायचा. "वेळ वाचवते पोरगी," तो म्हणाला. "प्रश्नाची वाट कोण बघणार?"

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

"अरे, पीठसुद्धा घाई केली तर फुगत नाही. हे तर माणसाचं पोर."

"पिठाला पहिलीत प्रवेश घ्यायचा नसतो," मावशी म्हणाली.

नणंद जाताना दारात थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, मी त्या मुख्याध्यापिकेपुढे शब्द टाकलाय. घरची मुलगी आहे, हुशार आहे, असं सांगितलंय. तोंडघशी पाडू नकोस मला. आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासारखं व्हायला नको तिला."

"नको," मावशी म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. रोज सकाळी उठल्यावर ती स्वतःलाच हे सांगायची.

पण 'मला येत नाही' हे चार दिवसांपासून घरभर फिरत होतं. मोजा घालायला सांगितला की मला येत नाही. पेला उचल म्हटलं तर मला येत नाही. काल बापाने विचारलं, "बटणे, पापा देतेस?" तर तेही येत नाही. बाप हसला होता. आईने ताटावरून हात काढून घेतला होता.

बुधवारी दुकानात दुरुस्तीचा गठ्ठा आला, ओळीच्या शाळेच्या बालवर्गाचा. वर्ष संपत आलं की आया असले गठ्ठे पाठवत. मावशीने तो सोडला, शर्ट एकेक करून मांडीवर घेतला आणि चौथ्या शर्टाला तिचा हात थांबला. उजवी बाही मनगटापाशी चावलेली. दोरे ओले होऊन, वाळून, काडीसारखे ताठ झालेले. पाचवा शर्ट पुन्हा तसाच. मग कॉलर. कॉलरचं टोक असं चघळलेलं की आतलं कॅनव्हास बाहेर आलं होतं.

असले शर्ट ती बारा वर्षं दुरुस्त करत आली होती. बाही कापायची, नवी पट्टी लावायची, पुढचा घ्यायचा. ते दात कुणाचे आणि ते कापडात का घुसले, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवशी तिने दोन ढिगारे केले. चावलेले इकडे, न चावलेले तिकडे.

"तेविसांतले नऊ, मास्तर."

"काय नऊ?"

"चावलेत. आणि वाळूच्या शाळेचं काय येतं आपल्याकडे? एप्रन. त्यांचे खिसे फाटलेले असतात, बंद तुटलेले असतात, रंग सांडलेला असतो. पण चावलेलं कधी काही आलंय?"

मास्तरांनी खडू कानावर ठेवला आणि विचार केला. "नाही आलं बुवा."

"बघा म्हणजे!"

आठवड्यात पहिल्यांदा तिला जरा मोकळं वाटलं. आपल्याकडे काहीतरी आहे, हाताला लागेल असं. नणंदेपुढे ठेवता येईल. ताई, हे शर्ट बघा. कापड खोटं बोलत नाही. तिने संध्याकाळी मनातल्या मनात हे वाक्य दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं.

गुरुवारी वाळूच्या शाळेचे बारा नवे एप्रन द्यायचे होते. ती बटणीला बरोबर घेऊन गेली. तिथल्या बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कोपराला निळा रंग लागलेला. बटणीला त्यांनी काही विचारलं नाही, नावसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, "चपला इथे. हौद तिकडे." बटणी आईकडे बघत राहिली, मग हौदाकडे, मग गेली.

एप्रन मोजून झाल्यावर मावशीने विषय काढला. "बाई, एक विचारू? तुमच्याकडची मुलं कपडे चावत नाहीत ना?"

"चावतात की. मागच्या महिन्यात एकाने पडदा चावला."

"नाही, म्हणजे बाह्या. ओळीच्या शाळेच्या शर्टांच्या बाह्या चावलेल्या येतात माझ्याकडे. तुमचं तसलं काही येत नाही, म्हणून म्हटलं..."

बाईंनी समोरचा एप्रन उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "मावशी, याला बाही कुठे आहे?"

मावशी बघत राहिली. बिनबाह्यांचा, बिनकॉलरचा, मागे दोन बंद. बारा वर्षं तिने स्वतःच्या हातांनी असेच शेकडो शिवले होते.

"चावायचं ते घरच्या कपड्यांना चावतात," बाई हसत म्हणाल्या. "ते काही तुमच्याकडे येत नाहीत. आया घरीच टाका घालतात नाही तर फेकून देतात. काही मुलं चावतातच हो. दात येतात, झोप येते, कंटाळा येतो. तिकडे जास्त चावत असतील, नसतील, मला खरंच माहीत नाही."

मावशीचे कान तापले. काल मास्तरांना एवढं ठासून सांगितलं ते आठवलं. नशीब, नणंदेला फोन केला नव्हता.

"बरं, अक्षरं कधी शिकवता?"

"मागतील तेव्हा. कुणी चार वर्षांचं मागतं, कुणी सहाचं होईपर्यंत ढुंकून बघत नाही."

"आणि मग ओळीच्या शाळेत पहिलीला?"

बाईंचं हसू जरा कमी झालं. "खोटं कशाला सांगू? गेल्या वर्षी आमच्याकडच्या नऊ जणांनी अर्ज केला. दोघांना मिळाली जागा."

"आणि बाकीचे सात?"

"इतर शाळांत आहेत. शिकतायत."

शिकतायत. मावशीने तो शब्द गिळला आणि हौदाकडे वळून पाहिलं. बटणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वाळू ओतत होती. एका थोराड मुलीने तिच्या हातची चाळणी हिसकावून घेतली. बटणी रडली. कुणी धावलं नाही. बाईंनीही लांबूनच पाहिलं. मावशी उठणार तेवढ्यात बटणीचं रडणं आपोआप थांबलं आणि ती पुन्हा वाळू ओतू लागली. या डब्यातून त्या डब्यात. तासभर. ओळीच्या शाळेत तासाभरात पाच अक्षरं झाली असती.

परतताना मावशीने विचारलं, "काय केलंस गं?"

"वाळू."

"आणखी?"

"ओली वाळू."

म्हणजे बुधवारपेक्षा वाईट. बुधवारी निदान शर्टांचा आधार होता. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, नऊ मुलांपैकी दोघांना जागा आणि शनिवारी एकची मुदत.

शुक्रवारी मास्तरांनी गणवेशाचं कापड तिच्या हातात ठेवलं. "माझ्याकडून. उद्या पोरीला गणवेशातच उभी कर. आपल्या दुकानाची मुलगी आहे, शोभायला नको? माप घेऊन ये, लगेच बेततो."

ती दुपारीच घरी गेली. नवरा नुकताच उठला होता आणि जमिनीवर बसून मोजे शोधत होता. तिने बटणीला स्टुलावर उभी केली. खांदा साडेआठ. उंची. मग छातीभोवती टेप घेतली. एकवीस इंच. ती आकडा मनात धरत होती आणि तेवढ्यात बाजूच्या टेबलावरचे पत्ते तिला दिसले. आजचा सराव झाला नव्हता. डाव्या हातात टेपची टोकं तशीच धरून उजव्या हाताने तिने वरचा पत्ता उचलला.

"बटणे, हे काय?"

टेप तिच्या बोटांतून सरकली.

तिने खाली पाहिलं. पावणेबावीस. पोरगी हललीसुद्धा नव्हती. खांदे वर, तोंड घट्ट मिटलेलं, डोळे आईच्या तोंडावर.

मावशीने पत्ता खाली ठेवला. टेप सैल झाली. एकवीस.

पुन्हा उचलला. पावणेबावीस.

"काय चाललंय?" नवरा म्हणाला. "एकच माप कितीदा घेतेस?"

"इकडे ये. हा पत्ता तू धर."

"मी?"

"धर म्हणते ना!"

तो गुडघ्यांवर सरकत आला, एका पायात मोजा, पत्ता घाईत उलटाच धरलेला. "सांगा बाईसाहेब, हे काय?"

"छत्री!" बटणी म्हणाली. "बाबा, उलटी!"

"अरे वा! येतं की तिला! ऐकलंस? छत्री!" नवऱ्याने पत्ता डोक्यावर धरला. बटणी खिदळली.

मावशीने काही ऐकलं नव्हतं. ती टेपकडे बघत होती. एकवीस. सुतभरही हलली नव्हती. तिने त्याला दुसरा पत्ता उचलायला लावला, मग तिसरा. जहाज आलं, घड्याळ चुकलं, आणि टेप एकवीसवर बसून राहिली. मग तिने स्वतः पत्ता घेतला, आवाज अगदी गोड केला आणि विचारलं, "सांग बाळा, हे काय?" टेप लगेच ताणली गेली.

"मला येत नाही," बटणी म्हणाली.

मावशीने टेप काढून घेतली आणि ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. "जा, खेळ जा."

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "तोंड का पांढरं पडलं?"

"ती शाळेला घाबरत नाही. मला घाबरते."

"हॅ! तुला कशाला घाबरेल? तू तर आवाजसुद्धा चढवत नाहीस."

"आवाजाचं नाही रे. माझ्या तोंडावर दिसतं तिला. चुकलं तर काय होईल याचं मला जे वाटतं ना, ते." ती टेप बोटाभोवती गुंडाळत होती. "माझी आई अशीच बसायची पाटी घेऊन. एकदासुद्धा मारलं नाही तिने. फक्त बघत राहायची. तिच्या डोळ्यांत बघितलं की मला येत असलेलंही जायचं."

"मग तू पत्ते धरू नकोस. मी धरतो. संपलं."

"तू दुपारी घोरत असतोस."

"मग पाचला धरतो."

"धरशील. आणि मी दाराआड उभी राहून ऐकेन. शुक्रवारी तो कागद येईल, काय आलं, काय नाही आलं. मी तो रात्री तीनदा वाचेन, ओठ हलवत. मला ओळखतोस ना तू? मी शपथ घेतली तरी माझ्याच्याने राहवणार नाही."

नवऱ्याने दुसरा मोजा पायात न घालता खिशात कोंबला.

माप मास्तरांकडे गेलं नाही. "गिऱ्हाइकाचं अजून ठरलं नाही," एवढंच ती म्हणाली आणि मास्तरांनीही कापड घडी करून ठेवलं.

शनिवारी साडेअकराला ती ओळीच्या शाळेच्या फाटकापाशी पोचली. एका हातात बटणी, दुसऱ्या हातात कोरा फॉर्म. अजून काहीच ठरलं नव्हतं. शाळेतल्या बाईंपुढे बटणीचं तोंड उघडलंच नाही तर प्रश्न आपसूक सुटेल, असा एक भित्रा विचार मनात होता आणि त्याची लाजही वाटत होती. नणंद अर्धी रजा टाकून आली होती.

"फॉर्म कोरा?"

"आत भरू, ताई."

बालवर्गाच्या बाई तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी बटणीचं बोट धरलं. मावशी मागोमाग निघाली तशी म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं हं. दहाच मिनिटं."

ती दहा मिनिटं मावशीने बाकावर बसून काढली. बाकावर आणखी एक कुटुंब होतं. बाप, आई, मांडीवर मुलगा. बापाच्या हातात फुगलेली फाइल. प्रतीक्षा यादीत पहिला नंबर, त्याने न विचारता सांगितलं. आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला, एक वाजायची वाट बघत.

दार उघडलं. बटणी उड्या मारत आली. तिच्यामागे बाई.

"छान आहे हो मुलगी! रंग सांगितले, दहापर्यंत मोजलं, सात पत्ते ओळखले. जरा गप्प असते, पण येतं तिला सगळं."

"बघ!" नणंदेने मावशीच्या पाठीवर थाप मारली. "उगीच जीव खाल्लास चार दिवस. भर आता फॉर्म. माझं पेन घे."

मावशीने पेन घेतलं. सात पत्ते. आपण आत नव्हतो, तर सात पत्ते. भित्र्या विचाराची वाट बंद झाली होती. आता कुणी तिच्यासाठी ठरवणार नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "मी जागा सोडतेय."

"काय?"

"तिला वाळूच्या शाळेत घालते."

नणंदेने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. "डोकं फिरलंय का तुझं? आत्ता बाई काय म्हणाल्या? येतं तिला सगळं!"

"तिला येतं. मला येत नाही." मग तिने कालची टेपची सगळी गोष्ट सांगितली, एकवीस, पावणेबावीस, नवऱ्याची उलटी छत्री, सगळं. सांगताना ते फार लहान वाटलं. पाऊण इंच. त्यावर कुणी शाळा सोडतं?

नणंदेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वीज कार्यालयातल्या खिडकीवर रोज शंभर तक्रारी ऐकणारी बाई ती. "ठीक आहे. समजा, तू म्हणतेस तसंच आहे. मग तू सुधार! तुझ्या भीतीसाठी पोरीची शाळा कशाला बदलतेस?"

नणंदेचं बरोबर होतं. "सुधारेन, ताई," मावशी पेन बोटांत फिरवत म्हणाली. "पण एका शनिवारात नाही व्हायचं ते. मला वेळ लागेल. दोन वर्षं तरी. तेवढी दोन वर्षं तिने माझ्यासमोर अभ्यासाला बसू नये."

"आणि पहिलीला?"

"माहीत नाही."

"नाही मिळाली जागा तर?"

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही."

नणंदेने फक्त हात पुढे केला आणि आपलं पेन परत मागितलं. मावशीला ते सगळ्यात जास्त लागलं.

कार्यालयात कारकून डबा उघडून बसला होता. "सोडताय? नक्की? परत आलात तर मिळणार नाही. हा कागद भरा."

कागदावर तीन रकाने होते. मुलीचं नाव, सही, कारण. पेन दोरीने टेबलाला बांधलेलं. पहिले दोन रकाने तिने भरले. तिसऱ्यापाशी थांबली, ओठ हलवले आणि लिहिलं. आई.

कारकुनाने कागद फिरवून पाहिला. "आईची तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मग असं नाही चालणार. घरगुती लिहा. सगळे घरगुतीच लिहितात."

तिने 'आई'वर रेघ मारली आणि शेजारी अडखळत घरगुती लिहिलं. कारकुनाने शिक्का उचलला, शाईच्या पेटीवर दाबला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "यादीतले पहिले, या आत!" फाइलवाला बाप धडपडत उठला. कागद जमिनीवर पसरले. त्याची बायको ते गोळा करता करता हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

त्या क्षणी मावशीला वाटलं, कागद ओढून घ्यावा. हात पुढे गेलाही होता. शिक्का खाली आला.

बाहेर व्हरांड्यात नणंद पाठमोरी उभी होती आणि बटणी तिची पर्स उघडून आतल्या वस्तू एकेक करून जमिनीवर मांडत होती.

"झालं?" नणंद न वळता म्हणाली.

"झालं."

"मी बोलणार नाहीये तुझ्याशी. निदान आठवडाभर."

"बरं."

"पर्स भरून दे माझी. तुझ्या पोरीने किल्ल्या कुठे ठेवल्यात विचार तिला."

मावशी खाली बसली. विचारायला तोंड उघडलं, आणि बटणीचे डोळे तिच्या तोंडावर आलेले पाहून मिटलं. मग तिने स्वतःच किल्ल्या शोधायला सुरुवात केली, खाली मान घालून, बाकाखाली, कुंडीमागे, एकदाही बटणीकडे न बघता.